नाथसागरातील पाणकुरणे: पाहणी आणि जपणूक

नोव्हेंबरच्या अखेरीस नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर सकाळी दुर्बीण घेऊन बसले, की वारकरी पक्षी बुडी मारून वर येताना त्याच्या चोचीत हिरवी फीत लोंबताना दिसते. काठावरचा माणूस तिला ‘शेवाळ’ म्हणून मोकळा होतो. परंतु ती शेवाळ नव्हे. तिला मुळे आहेत, खोड आहे, फुले येतात आणि फळही धरते. समुद्राच्या उथळ पाण्यात समुद्रगवताची जी कुरणे असतात, त्यांच्याच भावकीतील ही गोड्या पाण्यातील वनस्पती आहे, आणि अशा वनस्पतींची कुरणे म्हणजेच पाणकुरणे.

भावकी हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. आपल्या जलाशयांत वाढणाऱ्या व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या वनस्पती ज्या हायड्रोकॅरिटेसी कुळातल्या, त्याच कुळात हॅलोफिला, थॅलेसिया आणि एन्हॅलस ही समुद्रगवतेही येतात. व्हॅलिस्नेरियाची नरफुले देठापासून सुटून पृष्ठभागावर तरंगत मादीफुलापर्यंत पोहोचतात आणि परागण झाल्यावर मादीफुलाचा लांब देठ स्प्रिंगसारखा आवळून फळाला पाण्याखाली ओढतो. एन्हॅलसची नरफुलेही अशीच पाण्यावर तरंगत जातात. पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान येथील समुद्रगवतांवर अभ्यास होतात आणि संवर्धनाची क्षेत्रे घोषित होतात. पाल्कच्या उपसागरात २०२२ साली समुद्रगवतावर जगणाऱ्या ड्युगाँग या प्राण्यासाठी ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या मराठवाड्यातील पाणकुरणांची मात्र साधी नोंदही क्वचितच ठेवली जाते. समुद्रगवतासाठी घडलेली पाहणीची पद्धत आपल्या धरणांवर आणि तलावांवर कशी वापरावी, तिच्यात कोणता बदल केल्याशिवाय ती येथे निरुपयोगी ठरते आणि पाहणीनंतर जपणुकीचे कोणते काम हाती घ्यावे, हे या लेखात मांडले आहे.

जागा समजून घ्यावी

जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरणाचे लोकार्पण झाले. त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यांपैकी २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा आहे. पूर्ण भरल्यावर पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते, म्हणजे सरासरी खोली आठ मीटरांच्या आसपास येते. एवढ्या विस्ताराच्या मानाने हे पाणी उथळच म्हटले पाहिजे. काठ ताटासारखे पसरट असल्यामुळे पातळी हातभर उतरली, की पाणी कित्येक ठिकाणी शेकडो पावले मागे सरकते. पाणकुरण याच उथळ पट्ट्यात वाढते आणि याच पट्ट्याला दर उन्हाळ्यात कोरडे पडण्याचे संकट असते.

समुद्रात भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते. नाथसागराची भरती-ओहोटी वर्षातून एकदा होते. ऑगस्ट ते ऑक्टोबर पाणी चढते, त्यानंतर जूनपर्यंत ते कालव्यांतून, पाणीपुरवठा योजनांतून आणि बाष्पीभवनाने उतरत जाते. एखाद्या वर्षी धरण भरतच नाही. म्हणून येथील पाणवनस्पतींनी कोरड्या काळासाठी तरतूद केलेली असते. हायड्रिला गाळात लहान कंद सोडते, कारा या शेवाळवर्गीय वनस्पतीचे बीजाणू वर्षानुवर्षे कोरड्या गाळात तग धरतात आणि नाजस तर दरवर्षी बियांपासून नव्याने उगवते. उन्हाळ्यात भेगाळलेला काळा गाळ ओसाड दिसत असला, तरी तो या कुरणाची बियाण्याची कणगी असतो. ही गोष्ट जपणुकीच्या भागात पुन्हा पुन्हा उपयोगी पडेल.

परवानगी आणि सुरक्षितता

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते, आणि वनस्पती उपटणे किंवा नमुना घरी नेणे हा गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे वन विभागाचे लेखी परवानगीपत्र हातात असल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नये. माजलगाव, येलदरी, मांजरा यांसारख्या अन्य जलाशयांवर जलसंपदा विभागाला आणि मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेला आधी कळवावे. गावतलाव असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो आणि तो असलेला बरा.

थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यावर, बसून पाहणी करण्याचा मोह टाळावा. भोई बांधव त्यावर वर्षानुवर्षे मासेमारी करतात. त्यांची सवय आणि तोल आपल्यापाशी नसतो. लाकडी किंवा फायबरची होडी, प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट, होडीत किमान तिघे आणि दुपारी वारा सुटण्याआधी परत, हा नियम मोडू नये. पायी उतरताना हातात काठी धरून तळ चाचपावा, कारण जुन्या विहिरी, खाणी आणि पंपांसाठी खोदलेल्या चाऱ्या पाण्याखाली दिसत नाहीत.

ओळख पटवावी

पाहणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला पाच-सहा वनस्पती हाताने ओळखता आल्या पाहिजेत. व्हॅलिस्नेरिया बुडापासून निघणाऱ्या लांब, चपट्या फितींनी ओळखू येते; तिला खोड वर येत नाही आणि एका झुडपापासून दुसऱ्या झुडपापर्यंत गाळातून धावता फुटवा जातो. हायड्रिलाच्या खोडावर पेरापेराला तीन ते आठ लहान पानांचे चक्र असते आणि पान बोटांमधून ओढल्यास कडेचे दात खरखरीत लागतात. सेरॅटोफायलमला मुळेच नसतात. पाने काट्यासारखी दुभंगलेली आणि शेंडा कोल्ह्याच्या शेपटीसारखा दाट असतो. पोटॅमोजेटॉनच्या काही जातींची पाने पाण्यावर तरंगतात, काहींची दोऱ्यासारखी बारीक असतात. नाजस हाताळताच मोडते. काराला उग्र, लसणासारखा वास येतो आणि अंगावर चुन्याचा थर असल्याने ती कचकचीत लागते. ज्याला पान नाही, पेर नाही, जे केसांच्या गुंत्यासारखे बुळबुळीत हातात येते, ते तंतुमय शेवाळ. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करावी, कारण ते वाढणे हे बहुधा कुरण आजारी पडल्याचे लक्षण असते.

प्रत्येक वनस्पतीचा एकेक तुकडा वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवून चिकटवही केली, तर पुढील वर्षीच्या नवख्या मंडळींना ती छायाचित्रांपेक्षा जास्त कामी येते. अभयारण्यातील नमुन्यांसाठी परवानगीपत्रात तसा स्पष्ट उल्लेख मागून घ्यावा.

पाण्याचा गढूळपणा मोजावा

कुरणाचे भवितव्य मुख्यतः उजेडावर ठरते. समुद्रगवताला सरासरीने पृष्ठभागावरील प्रकाशाच्या सुमारे ११ टक्के प्रकाश तळापर्यंत पोहोचावा लागतो, असे जगभरच्या नोंदींवरून दिसते. गोड्या पाण्यातील वनस्पतींच्या गरजा जातीनुसार बदलतात. हायड्रिला एक टक्क्याच्या आसपासच्या उजेडातही जगते, आणि म्हणूनच पाणी गढूळ होत गेले की सर्वांत शेवटी तीच उरते.

उजेड मोजण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. इटलीतील धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली वापरलेली चकती आजही तितकीच उपयोगी आहे. २० सेंटीमीटर व्यासाचे पत्र्याचे झाकण घ्यावे, त्याचे चार समान भाग करून ते आळीपाळीने काळे आणि पांढरे रंगवावेत, मधोमध भोक पाडून खाली किलोभर वजन बांधावे आणि न ताणणाऱ्या दोरीवर दर १० सेंटीमीटरला खूण करावी. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने चकती सोडावी. दिसेनाशी झाली ती खोली लिहावी, मग वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली लिहावी आणि दोहोंची सरासरी घ्यावी. गॉगल लावून वाचन घेऊ नये. चकती अदृश्य होते त्या खोलीवर वरच्या प्रकाशाचा साधारण दहा ते वीस टक्के भाग उरलेला असतो, असे ढोबळमानाने धरता येते. म्हणजे चकती ८० सेंटीमीटरला हरवत असेल, तर दोन मीटर खोलीवर व्हॅलिस्नेरियाचे दाट कुरण सापडण्याची आशा धरू नये.

पावसाळ्यात गोदावरी आणि प्रवरा गाळ घेऊन येतात, तेव्हाचे वाचन कुरणाविषयी फारसे सांगत नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पाणी निवळते. नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च अशा तीन फेऱ्या कराव्यात. एकच जमणार असेल तर जानेवारीची करावी.

दोरी आणि चौकट

१९९८ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये सुरू झालेल्या ‘सीग्रास-वॉच’ या उपक्रमाने समुद्रगवतासाठी एक सोपी रीत रूढ केली. किनाऱ्याला काटकोनात ५० मीटरच्या तीन दोऱ्या एकमेकींपासून २५ मीटर अंतरावर टाकायच्या, प्रत्येक दोरीवर दर ५ मीटरला ५० बाय ५० सेंटीमीटरची चौकट ठेवायची आणि चौकटीतला किती भाग गवताने झाकला आहे, हे टक्क्यांत लिहायचे. शून्य मीटरपासून मोजल्यास एका दोरीवर ११ आणि तिन्हींवर मिळून ३३ चौकटी होतात. चौकट पीव्हीसी पाइपची करावी आणि पाइपला भोके पाडावीत, म्हणजे त्यात पाणी भरून ती बुडते.

टक्केवारीचा अंदाज हा येथील कळीचा भाग आहे आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याला तो शिकवावा लागत नाही. पिकाची आणेवारी, पुढे पैसेवारी, ज्याने आयुष्यभर पाहिली आहे, त्याची नजर महाविद्यालयीन विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी पक्की असते. तरीही दोघांनी एकमेकांना न सांगता अंदाज लिहावा. फरक दहा टक्क्यांहून अधिक आला तर चौकट पुन्हा पाहावी. सुरुवातीला पंधरा-वीस चौकटी एकत्र पाहून नजरा जुळवून घेतल्यास पुढचा वाद टळतो.

कमरेपेक्षा खोल पाण्यात चौकट ठेवता येत नाही. तेथे शेतातील दोन लोखंडी दंताळी पाठीला पाठ लावून तारेने घट्ट बांधावीत, दोरी लावून होडीतून सोडावीत आणि तळावरून साधारण हातभर ओढून वर घ्यावीत. दात रिकामे आले तर शून्य, तुरळक काड्या आल्या तर एक, दात अर्धे झाकले गेले तर दोन आणि गच्च भरले तर तीन, अशी श्रेणी द्यावी. प्रत्येक ठिकाणी दोनच फेका कराव्यात आणि वनस्पती लगेच परत सोडावी. पाहणीच्या नावाखाली कुरण उपटून काढणारेही मी पाहिले आहेत.

अंतर नव्हे, उंची लिहावी

आता तो बदल, ज्याच्यावाचून वरची सगळी मेहनत वाया जाते. पहिल्या वर्षी आम्ही चौकटींची जागा ‘काठापासून २० मीटर’, ‘काठापासून ३५ मीटर’ अशी लिहिली. जानेवारीत पुन्हा गेलो, तेव्हा काठच दूर सरकला होता आणि आमच्या नोव्हेंबरच्या निम्म्या चौकटी कोरड्या चिखलात होत्या. दोन्ही महिन्यांचे आकडे शेजारी ठेवून कुरण ‘वाढले’ असा निष्कर्ष आम्ही आनंदाने काढला. प्रत्यक्षात आम्ही दोन वेगळ्या जागा मोजल्या होत्या.

धरणाच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत दररोज नोंदवली जाते आणि ती जलसंपदा विभागाकडून कळते. नाथसागराची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट, म्हणजे ४६३.९०६ मीटर आहे. पाहणीच्या दिवशीच्या पातळीतून चौकटीवरील पाण्याची खोली वजा केली, की तेथील तळाची उंची मिळते. समजा, त्या दिवशी पातळी ४६२.०० मीटर आहे आणि चौकटीवर १.४० मीटर पाणी आहे. तर तळ ४६०.६० मीटरवर आहे. सर्व नोंदी याच उंचीनुसार मांडाव्यात. मग ‘४६० ते ४६१ मीटर या पट्ट्यात जानेवारीत ६० टक्के झाकण होते, पुढच्या जानेवारीत ३५ टक्के’ असे विधान करता येते, आणि ते कोणी खोडू शकत नाही. मोबाइलवरील जीपीएसची उंची यासाठी मुळीच वापरू नये. तिच्यात कित्येक मीटरांची चूक असते. अक्षांश-रेखांशासाठी मात्र मोबाइल पुरेसा आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. एखादा पट्टा वर्षातील किती दिवस पाण्याखाली होता, हे रोजच्या पातळीच्या तक्त्यावरून मोजता येते. दुष्काळाच्या वर्षानंतर कुरण विरळ दिसले, तर ते प्रदूषणाने मेले की पाणीच कमी दिवस मिळाले, हा प्रश्न या तक्त्याशिवाय सुटत नाही.

बिघाड कशामुळे, ते शोधावे

पाणी हिरवेगार आणि चकती अर्ध्या मीटरच्या आत हरवत असेल, तर सांडपाणी आणि शेतातील खते यांतून आलेल्या नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शैवाल माजले आहे असे समजावे. उथळ तलाव दोन अवस्थांपैकी एकीत स्थिरावतात: वनस्पतींचे निवळ पाणी किंवा शैवालाचे गढूळ पाणी. वनस्पती असतील तर त्या गाळ धरून ठेवतात आणि पाणी निवळ राहते. त्या एकदा गेल्या, की गाळ वाऱ्यासरशी उसळतो, उजेड तुटतो आणि त्या परत येणे अवघड होते. म्हणून कुरण पूर्ण जाण्याआधी केलेले थोडे काम, ते गेल्यानंतरच्या मोठ्या कामापेक्षा स्वस्त पडते.

पाणी मातकट असेल आणि झाडे मुळासकट तरंगत असतील, तर माशांकडे पाहावे. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, अन्न शोधताना तळ उकरतो. १९५९ साली भारतात आणलेला गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प, तर पाणवनस्पतींवरच जगतो. लहान तलावात त्याचे बीज सोडले तर एक-दोन हंगामांत तळ साफ होतो. जलपर्णीचा थर आणि काठाला माजलेली बेशरमाची झुडपे या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी असल्याने त्यांच्याविषयी फार लिहीत नाही. थराखाली उजेड जात नाही, एवढे पुरे.

गाळपेर आणि गाळ उपसा

जपणुकीचा मराठवाड्यातील खरा प्रश्न गाळपेराचा आहे, आणि तो सावधपणे हाताळावा लागतो. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी बुडीत क्षेत्रातील जमीन गाळपेरासाठी दिली जाते. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, अशा कुटुंबांचीही भिस्त तीवर निघणाऱ्या हरभरा, गहू, टरबूज या पिकांवर असते. तेव्हा ‘गाळपेर बंद करा’ असे सांगत गावात जाणाऱ्याला गाव उभे करणार नाही, आणि तसे सांगणे न्यायाचेही नाही. तथापि ट्रॅक्टरची खोल नांगरट हायड्रिलाचे कंद उन्हात उघडे पाडते, आणि त्या जमिनीवर टाकलेले खत व तणनाशक पुढच्या जुलैत थेट पाण्यात उतरते.

यातून मार्ग काढताना वर सांगितलेला उंचीचा हिशेब कामी येतो. सर्वांत दाट कुरण ज्या एक-दीड मीटर उंचीच्या पट्ट्यात सापडते, तेवढाच पट्टा नांगराविना ठेवावा, अशी बोलणी करावी. इतरत्र नांगराऐवजी वखरपाळी किंवा टोकण, तणनाशकाला पूर्ण फाटा आणि युरियाऐवजी शेणखताची मर्यादित मात्रा, ही तडजोड शेतकऱ्यांना पटू शकते. पंपासाठीच्या चाऱ्या प्रत्येकाने वेगळ्या खोदण्याऐवजी चार-पाच जणांनी मिळून एक खोदावी. त्यात खर्चही वाचतो.

गावतलावांवर गाळ उपसण्याचे काम चालते. ‘गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार’ ही शासनाची योजना २०१७ पासून आहे आणि तिचा शेतीला होणारा फायदा खरा आहे. परंतु बियाण्याची कणगी नेमकी वरच्या वीतभर गाळात असते, आणि जेसीबी ती संपूर्ण ट्रॉलीत भरून शेतात पोहोचवतो. म्हणून उपसा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्येच, उथळ बाजूचा साधारण एक-तृतीयांश भाग खुंट्या ठोकून वेगळा काढावा आणि तो त्या वर्षी उपसू नये. काठाचा उतारही सरळ कापू नये. ताठ भिंतीच्या तलावात कुरणाला जागाच उरत नाही. मासेबीज सोडणाऱ्या संस्थेशी बोलून अशा तलावात गवत्या आणि सायप्रिनस न सोडता रोहू, कटला, मृगळ यांवर भागवावे.

कायद्याच्या बाजूने पाहता, पाणथळ जागांविषयीचे २०१७ चे नियम सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या जलाशयांना लागू होत नाहीत. अभयारण्याचे कवच नसलेल्या आपल्या बहुतेक धरणांसाठी म्हणूनच जैवविविधता अधिनियम, २००२ खालील गावपातळीची जैवविविधता व्यवस्थापन समिती हाच जवळचा आधार आहे. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत पाणकुरणांची जागा, उंचीचे पट्टे आणि वनस्पतींची नावे चढवून घ्यावीत.

पुनर्लावणी: घाई करू नये

लावणीचे छायाचित्र चांगले येते, म्हणून उत्साही मंडळी तिच्यापासूनच सुरुवात करतात. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांत १९३० च्या दशकात रोग आणि वादळाने समुद्रगवत नाहीसे झाले होते. तेथे सुमारे वीस वर्षांत सात कोटींहून अधिक बिया पेरल्यावर ते साडेतीन हजारांहून अधिक हेक्टरांवर परतले. परंतु तेथे पाणी स्वच्छ होते आणि फक्त बियाणे पोहोचत नव्हते. आपल्याकडे बहुधा उलटे असते: बियाणे गाळात असते, उजेड नसतो.

म्हणून आधी गाळाची परीक्षा करावी. मे महिन्यात, परवानगी घेऊन, वेगवेगळ्या पट्ट्यांतून वरचा चार बोटे गाळ आणावा, प्लॅस्टिकच्या टबात पसरावा, वर वीतभर स्वच्छ पाणी ठेवावे आणि टब अर्ध्या सावलीत सहा ते आठ आठवडे ठेवावा. अंकुर दिसले तर लावणीची गरज नाही. पाणी निवळ ठेवण्याचे काम करावे. काहीच उगवले नाही आणि चकती मीटरभर खाली दिसत असेल, तरच त्याच जलाशयातील दाट भागातून व्हॅलिस्नेरियाचे फुटवे आणावेत. ते मुळांसह, गुडघाभर ते कमरेइतक्या पाण्यात, बांबूच्या खुंटीने गाळात दाबून, पुंजक्यांनी लावावेत आणि पहिला महिनाभर माशांपासून व वारकऱ्यांपासून जाळीने राखावेत. मत्स्यालयाच्या दुकानातील वनस्पती कधीही सोडू नये. तिच्याबरोबर परकी जात येण्याचा धोका असतो.

समुद्रगवत कार्बन साठवते, म्हणून पाणकुरणांच्या नावे कार्बनचे पैसे मिळतील, असे गावात कोणी सांगू लागल्यास सावध असावे. समुद्राच्या गाळातील सल्फेटमुळे तेथे मिथेन कमी तयार होतो. गोड्या पाण्याच्या गाळाला ती सोय नाही आणि दरवर्षी कोरडे पडणारे तळ तर हिशेब आणखीच गुंतागुंतीचा करतात. आपल्या कुरणांसाठी निवळ पाणी, माशांच्या पिलांना आसरा आणि पक्ष्यांना चारा ही कारणे पुरेशी आहेत.

नोंदी कशा ठेवाव्यात

एका पाहणीसाठी एकच पान असावे: तारीख, धरणाची पातळी, चकतीचे वाचन, प्रत्येक चौकटीची खोली आणि तळाची उंची, वनस्पतीनिहाय टक्केवारी, तंतुमय शेवाळाचा वेगळा रकाना आणि त्या वेळी दिसलेल्या वारकरी, लालसरी यांसारख्या पाणवनस्पती खाणाऱ्या पक्ष्यांची संख्या. पान पेन्सिलने भरावे, कारण ओल्या हाताने शाई पसरते. त्याच संध्याकाळी त्याचे छायाचित्र काढून तीन जणांकडे पाठवावे, आणि मार्चच्या फेरीनंतर वर्षाची सर्व पाने वन विभागाला व संबंधित ग्रामपंचायतीला पोहोच घेऊन द्यावीत. दोरीची टोके दाखवणारे सिमेंटचे खांब पाणी सर्वांत खाली असताना, म्हणजे मे अखेरीस, पुरून त्यांच्या माथ्याची उंची जलसंपदा विभागाच्या उंचीच्या खुणेवरून लेव्हल या मोजणीच्या उपकरणाने एकदा काढून घ्यावी. पुढे कोणत्याही वर्षी, कोणाच्याही हाती पाहणी गेली तरी दोरी त्याच जागी पडते.